सहाव्या कप्प्याचं भांडण

अमरावतीत आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी सी प्रोग्रामिंगचा क्लास घेते. खाली आई-बाबा, वर मी, एक फळा, काही म्हातारे संगणक आणि डिप्लोमा-इंजिनिअरिंगची पोरंपोरी. क्लासची ख्याती एकाच खेळासाठी, ‘आउटपुट सांगा’. मी फळ्यावर एक छोटा, वाकडा प्रोग्राम लिहायचा. पोरांनी संगणकाला हात न लावता तो मनातल्या मनात चालवायचा आणि पडद्यावर काय उमटेल ते ओरडून सांगायचं. परीक्षेत हे प्रश्न हमखास येतात, आणि तोंडी परीक्षेला बाहेरून येणारे सर तर दुसरं काही विचारतच नाहीत. आमच्याकडे सी शिकणं म्हणजे बरंचसं हेच. स्वतः प्रोग्राम कोणी फारसा लिहीत नाही, सगळे दुसऱ्याच्या वाकड्या प्रोग्रामचं भविष्य सांगत बसतात. या भविष्यात मी पटाईत होते. माझं उत्तर चुकलेलं पोरांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही पाहिलं नव्हतं.

स्वभावाचं म्हणाल तर माझ्या तोंडाला लगाम नाही, असं आई म्हणते. तिचं म्हणणं असं की मला पाहायला आलेली स्थळं माझ्या रंगरूपामुळे परत जात नाहीत, माझ्या वाक्यांमुळे जातात. एका बँकेतल्या मुलानं कौतुकानं सांगितलं की त्याला गणित फार आवडतं, तर मी त्याला तिथंच एक गणित घातलं. ते त्याला आलं नाही. त्याच्या घरच्यांनी जाताना ‘कळवतो’ म्हटलं. आमच्याकडे पाहुणे चपला घालताना ‘कळवतो’ म्हणाले की आत आई कपबशा उचलायला लागते, कारण कळायचं ते तेव्हाच कळलेलं असतं. पुढे फोन येत नाही. आणि मुलीकडच्यांनी आपणहून फोन करायचा नसतो, हे तर ठरलेलंच. तर आमच्या दारात असे बरेच ‘कळवतो’ होऊन गेले होते, आणि त्यातल्या एकाचंही मला वाईट वाटलं नव्हतं.

मग अकोल्याचं स्थळ आलं.

तो आणि त्याची आई, दोघंच आले. मुलगा अकोल्यात सी प्रोग्रामिंगचेच क्लास घेतो, हे ऐकून बाबांना वाटलं होतं की जोडी छान जमेल. मला वाटलं होतं की आला आणखी एक गणितवाला. आईनं बशीत गिला वडा दिला. त्यानं एक घास खाल्ला आणि विचारलं, “काकू, हा घरी केला का?”

“नाही हो, बाहेरून मागवला,” आई म्हणाली.

“बरं झालं. घरचा असता तं तारीफ कराच लागली असती. आता मनापासून सांगतो, लय मस्त हाये.”

त्याच्या आईनं त्याच्या दंडाला चिमटा काढला, तो मला दिसला. आणि मी तिथंच, त्या क्षणी, ट्रे हातात धरून, पार विरघळले. हा माणूस माझ्यासारखाच होता! इतकी वर्षं ज्याच्यासाठी बोलणी खाल्ली ते तोंड दुसऱ्या कुणालातरी होतं, आणि ते समोर बसून गिला वडा खात होतं. मला हसू आवरेना. आईनं डोळे वटारले. मला हे स्थळ हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा चपला घालताना ‘कळवतो’ ऐकू येऊ नये असं मला वाटत होतं.

“पोराले-पोरीले बोलू द्या दोघायलेच,” त्याची आई म्हणाली. आम्हाला वर, क्लासात पाठवलं. सकाळच्या बॅचचा प्रोग्राम फळ्यावर तसाच होता.

तो प्रोग्राम सांगते, कारण सगळं त्यावरूनच झालं. पाच कप्प्यांची एक रांग आहे. सीमध्ये मोजणी शून्यापासून, म्हणजे कप्प्यांचे क्रमांक शून्य ते चार. एक मोजणारा आकडा आहे, तो शून्यापासून पाचपर्यंत जातो. प्रत्येक फेरीत त्या क्रमांकाच्या कप्प्यात शून्य ठेवायचं आणि पडद्यावर एक चांदणी काढायची. शून्य ते पाच म्हणजे फेऱ्या सहा झाल्या. कप्पे मात्र पाचच. हाच त्यातला वाकडेपणा. सांगा, चांदण्या किती? माझं उत्तर सहा. सकाळीच सगळ्या बॅचनं एका सुरात ओरडून सांगितलं होतं, सहा!

तो दारातच थांबला. माझ्याकडे पाहण्याऐवजी फळ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “हे तं संपतच नाई.”

“काय संपत नाही?”

“हा प्रोग्राम. चांदण्या येतच राहतेत. कधीच थांबत नाई. आणि तुमी खाली ‘उत्तर सहा’ लिहिलं.”

“कारण ते सहाच आहे,” मी म्हणाले. अजून मी बरीच गोड होते.

“पाहा,” म्हणत त्यानं खडूच उचलला. माझा खडू! “कप्पे पाच. साहाव्या फेरीले शून्य कुठं जाईन? पाचव्या कप्प्याच्या बाजूले. तिथं कोन बसलं हाये? मोजनारा आकडाच. त्याच्यातच शून्य पडलं, म्हंजे मोजनी पयल्यापासून सुरू. पुन्हा साहावी फेरी, पुन्हा शून्य. खतम होईनच कसा तो?”

“माझ्या संगणकावर होतो.”

“माह्या संगणकावर नाई होत.”

त्यानं फोन काढला, त्यात तोच प्रोग्राम टाईप केला आणि चालवला. चांदण्यांचा लोंढा लागला, फोन गरम झाला तरी थांबेना. मी माझा जुना निळ्या पडद्याचा संगणक सुरू केला. सहा चांदण्या, आणि शांत. दोघांच्याही हातात पुरावा, आणि दोघांनाही पुराव्यानं आणखी चेव आला.

“तुमचा फोन बिघडला आहे!”

“तुमचा संगणक म्हातारा झाला! त्याले चष्मा लावा!”

“संपतो म्हणते ना मी!”

“नाई संपत!”

“संपतो!”

खाली हे सगळं ऐकू जात होतं. बाबांनी नंतर सांगितलं की त्याची आई आणि माझी आई एकमेकींकडे पाहत बसल्या होत्या, आणि काय संपतं आणि काय संपत नाही हे विचारायची एकीलाही हिंमत झाली नाही. आम्ही खाली आलो तेव्हा आमच्या दोघांच्या नाकावर खडू होता आणि आम्ही एकमेकांकडे पाहत नव्हतो. त्याची आई उठली. चपला घालताना ती म्हणाली, “बरं, कळवतो.”

आई कपबशा उचलायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले ती तणतणतच. स्थळ तर गेलंच होतं, निदान भांडण तरी जिंकावं. मला असा पुरावा हवा होता की अकोल्याच्या माणसाला तोंड वर करता येऊ नये. आमचा निळ्या पडद्याचा संगणक त्याला म्हातारा वाटतो काय, बरं, मी लॅपटॉपवर नवीन कंपायलर, म्हणजे आपला प्रोग्राम संगणकाला समजेल असा करून देणारा दुभाषा, घातला. या नव्या कंपायलरमध्ये एक सोय असते, हे मी वाचलं होतं पण कधी वापरलं नव्हतं. कशाला वापरेन? मला उत्तरं माहीत होती. ही सोय सुरू केली की कंपायलर तुमच्या प्रोग्रामच्या सोबत एक राखणदार देतो. प्रोग्राम चालू असताना तो प्रत्येक पावलाला पाहतो की हे पाऊल सी भाषेच्या नियमात बसतं की नाही. नसेल बसत, तर तिथल्या तिथं हाक मारतो.

मी चालवलं. चांदण्या आल्या, एक, दोन, तीन, चार, पाच. आणि सहावीच्या ऐवजी लाल अक्षरांत एक ओळ उमटली. अमुक ओळीवर, पाच हा क्रमांक पाच कप्प्यांच्या रांगेच्या बाहेर आहे. आणि प्रोग्राम तिथंच थांबला.

म्हणजे माझं उत्तर सहा, त्याचं उत्तर कधीच न संपणारं, आणि हे तिसरंच!

मी भाषेचे मूळ नियम उघडून बसले. तिथं अगदी सरळ लिहिलेलं होतं की रांगेच्या बाहेरच्या कप्प्यात काही ठेवलंत तर काय होईल याची कसलीच हमी नाही. याला म्हणतात अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे ज्याचं वागणं ठरलेलंच नाही असा प्रकार. सहा चांदण्या येतील, लाखो येतील, एकही येणार नाही, संगणक झोपेल, काहीही. त्यानं काहीही केलं तरी नियमाप्रमाणे तो निर्दोष. या प्रश्नाला उत्तरच नव्हतं! मी बॅचेसच्या बॅचेसना ज्याचं उत्तर ओरडायला लावलं, आणि ज्याच्यापायी पाहुण्यांसमोर गळा बसेपर्यंत भांडले, त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं!

मला हसू फुटलं. आधी थोडं, मग खुर्चीवरून पडायची वेळ येईपर्यंत. बाबा जिना चढून वर आले.

“काय झालं वं? कावून हासून राह्यली?”

बाबांचं शेत चांदूर रेल्वेजवळ आहे, म्हणून त्यांना धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, सांगितलं. समजा तुमच्या वावरात नांगराची पाचच तासं बसतात, आणि तुम्ही सहावं तास काढलंत, तर नांगर धुरा फोडून शेजारच्या वावरात जाणार. शेजारी त्या दिवशी गावाला गेला असेल तर काहीच होणार नाही. तो धुऱ्यावरच बसला असेल तर काठी घेऊन येईल. मी म्हणत होते काहीच होत नाही, अकोल्याचा तो म्हणत होता काठी येतेच. आणि हा राखणदार म्हणजे मोजणीवाला, जो नांगराच्या सोबत चालतो आणि धुरा आला की थांब म्हणतो.

बाबांनी सगळं नीट ऐकलं. मग म्हणाले, “मंग येवढ्यासाठी पावन्यायसमोर तू येवढी बोंबलली?”

“हो.”

“आन् तो बी बोंबलला?”

“तो माझ्याहून जास्त.”

“लय चांगला पोट्टा होता,” बाबा उसासा टाकून म्हणाले आणि खाली गेले.

मला मात्र झपाटलं होतं. सगळ्या प्रश्नांच्या फायली काढल्या आणि एकेक प्रोग्राम राखणदारासमोर उभा केला. सर्वांत मोठ्या आकड्यात एक मिळवा, पाहा तो कसा फिरून उणे होतो, हे मी वर्षानुवर्षं टाळ्या घेऊन शिकवत होते. लाल ओळ! आकडा त्याच्या मापाबाहेर गेला. आकड्याच्या आतले शून्य-एक चाळीस घरं डावीकडे सरकवा. लाल ओळ! इतकी घरंच नाहीत. संगणकाच्या स्मृतीतली घेऊन परत केलेली जागा पुन्हा वापरा, तर त्यावर लाल, हिरव्या, निळ्या रंगांत पानभर कैफियत आली. कधी कुणी कोणती जागा घेतली, कुणी परत केली, कोण पुन्हा घुसलं, सगळं. मी प्रत्येक ओळीला टाळी वाजवत होते. एक प्रोग्राम मुकाट्यानं बिनबोभाट चालला तर मला त्याचा इतका आनंद झाला की मी त्याला उठून नमस्कार केला. आई पोळ्या लाटता लाटता वर आली, मला पाहिलं, आणि पोळपाटाकडे परत गेली. तिला वाटलं मी स्थळ गेल्याच्या धक्क्यानं अशी करतेय.

संध्याकाळच्या बॅचला मी हे सगळं दाखवलं. असा कल्ला झाला की समोरच्या घरातले लोक गच्चीवर आले. एकजण म्हणाला, “म्याडम, मंग परीक्षेत काय लिवाचं?” प्रश्नपत्रिकेत चारच पर्याय असतात आणि त्यात ‘या प्रश्नाला उत्तर नाही’ हा पर्याय कधीच नसतो. शेवटी मी सांगितलं की पेपर काढणाऱ्या सरांच्या मनात काय असेल ते लिहा, पण खरं काय ते डोक्यात ठेवा. फळ्यावरचं ‘उत्तर सहा’ मी सगळ्यांसमोर पुसलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

एक गोष्ट मात्र राखणदाराबद्दल शिकल्यावर मनात अडकून बसली. तो फक्त चालत्या प्रोग्रामवर नजर ठेवतो. प्रोग्राम ज्या वाटेनं गेलाच नाही, त्या वाटेवर काय आहे हे त्याला माहीत नसतं. त्या वाटेची तपासणी हवी असेल तर कोणीतरी त्या वाटेनं जायला हवं.

अकोल्याहून काहीच कळलं नाही. रोज फोन वाजला की मी धावायची, आणि रोज तो गॅसवाल्याचा किंवा आत्याचा असायचा. आई म्हणाली, “सोड आता. त्यायच्या मनात नाही.” मी म्हणाले की मग मीच जाते अकोल्याला. आईनं हातातलं लाटणं खाली ठेवलं.

“आपन पोरीवाले हाओत. पोरीवाले असे जातेत का कुठं?”

“मी स्थळासाठी नाही जात. मी त्याला प्रोग्राम दाखवायला जाते.”

हे अर्धं खरं होतं. बाकीचं अर्धं आईला दिसत होतं, कारण मी तिच्यासमोर तीन वेळा ओढणी बदलली होती. बाबा पेपरामागून म्हणाले, “मलेबी अकोल्याले काम हाये. मी येतो संग.” बाबांना अकोल्यात काहीही काम नव्हतं. असतं तर ते त्यांनी आठवडाभर आधीपासून सगळ्यांना सांगितलं असतं.

एसटीत बाबांनी लॅपटॉपची बॅग मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली, जणू आत दही आहे. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं. मूर्तिजापूरला मला वाटलं उतरावं आणि परतीची गाडी धरावी. त्याच्या घरी स्पष्ट ‘नाही’ ठरलं असेल तर? मी दारात उभी राहिले आणि त्यानं विचारलं, कशाला आल्या, तर? प्रोग्रामचं कारण त्याला पुरेसं वाटलं आणि त्यानं धन्यवाद म्हणून पाठवून दिलं, तर? हे शेवटचं सगळ्यांत वाईट होतं. मी बाबांना म्हटलं, “बाबा, आपण वेडेपणा करतोय का?” बाबा मान डोलावून म्हणाले, “हाव,” आणि खिडकीतून कपाशी पाहत राहिले. त्यानंतर मला एकदम बरं वाटलं.

अकोल्याच्या उन्हाबद्दल मी काही बोलत नाही, अकोल्याची माणसं त्याबद्दल स्वतःच पुरेसं बोलतात. त्याचा क्लास बसस्टँडपासून जवळ, एका औषधांच्या दुकानाच्या वर होता. जिन्यातूनच त्याचा आवाज ऐकू आला. शिकवत होता. दार उघडं होतं, खोली पोरांनी गच्च भरलेली, आणि फळ्यावर, देवा शप्पथ, पाच कप्पे आणि चांदण्या! खाली ठळक लिहिलेलं : उत्तर, कधीच संपत नाही.

त्यानं मला पाहिलं आणि खडू त्याच्या हातातून निसटला.

मी ठरवून आले होते की नीट, हळू, सभ्यपणे बोलायचं. तोंडातून निघालं ते असं, “मी तुमची चूक दाखवायला आली!”

सगळी पोरं मागं वळून पाहायला लागली. बाबांनी मागच्या बाकावर एक जागा रिकामी पाहिली आणि ते जाऊन बसले. शेजारच्या पोरानं त्यांना वही सरकवली.

“या,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “दाखवा.”

मी लॅपटॉप त्याच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला. प्रोग्राम त्याचाच ठेवला, एका अक्षराला हात लावला नाही. राखणदार सुरू केला आणि चालवला. पाच चांदण्या आणि लाल ओळ. तो पडद्याजवळ गेला आणि ती ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. मी त्याचा चेहरा पाहत होते. आता हा माणूस काय करतो यावर माझं सगळं अवलंबून होतं, आणि माझे हात थंड पडले होते, अकोल्यात.

“म्हंजे,” तो हळूच म्हणाला, “हे उत्तर बी गलत.”

“गलत.”

“आन् तुमचं सहा?”

“तेही गलत. मी आमच्या फळ्यावरचं पुसलं.”

तो माझ्याकडे वळला. मग हसायला लागला. आधी ओठ दाबून, मग पोट धरून, अगदी मी हसले होते तसा. क्लास फुटला. पोरं बाक बडवायला लागली. त्यानं डस्टर घेऊन ‘कधीच संपत नाही’ पुसलं आणि सरळ स्वतःच्या प्रश्नांची फाईल उघडली. “हे चालवा! हे बी चालवा! थांबा, हे तं मी पंधरा वर्षं जुन्या पेपरातून घेतलं, हे चालवा!”

पुढं काय झालं ते नीट क्रमानं मला सांगता येत नाही. आम्ही दोघं एका कीबोर्डवर. प्रत्येक प्रोग्रामच्या आधी पोरं ओरडायची, “फुटते!” “नाई फुटत!” आणि लाल ओळ आली की खोली दणाणायची. एका ठिकाणी तो म्हणाला की हा नक्की साफ आहे, यात काही नाही, आणि मागच्या बाकावरून बाबांचा आवाज आला, “फुटते हा बी!” तो फुटला. पोरांनी बाबांच्या पाठीवर थापा मारल्या. एका प्रोग्रामला मात्र लाल ओळ आली नाही, तर तो म्हणाला, “म्हंजे हा चांगला.” मी म्हणाले, “तसं नाही, आपण आत्ता ज्या वाटेनं गेलो तेवढीच तपासली. यात दुसरा आकडा टाका.” त्यानं टाकला. लाल ओळ! त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी कीबोर्डवर भलतंच बटण दाबलं आणि लॅपटॉप बंद पडला.

पोरं पांगली. बाबा आत एका मुलाला विचारत होते की हे सगळं शिकून नोकरी लागते का. आम्ही दोघं जिन्यात उभे होतो, खाली औषधांच्या दुकानाचा वास, बाहेर ऊन.

तो म्हणाला, “मी घरी तुमच्या स्थळाले नाई म्हनून सांगून देल्लं होतं.”

मला वाटलं जिन्याची पायरी सरकली. “कावून?”

“त्या दिवशी तुमी पावशेर बी मागं नाई हटल्या. वाटलं, हिले आपन गलत असू शकतो हे मालूमच नाई. अशा बाईसंग आयुष्य कसं काढाचं?”

मला राग आला. खरंच आला. “आणि तुम्हाले मालूम होतं?”

“नव्हतं,” तो म्हणाला. “मले बी आजच कळलं. अन् तुमी तं हे सांगाले अमरावतीहून बसनं आल्या, आपलीच चूक घेऊन. माह्यी चूक दाखवाले तं दुनिया येते.”

मी आजवर जितके प्रश्न विचारले, ते सगळे उत्तर आधी जवळ ठेवून विचारले होते. फळ्यावर लिहायचे, पोरांची मजा बघायची, आणि शेवटी उत्तर सांगायचं. हा एकच प्रश्न होता ज्याचं उत्तर मला खरंच माहीत नव्हतं, आणि ते ‘हो’ यावं असं मला मनापासून वाटत होतं. मुलीकडच्यांनी विचारायचं नसतं. मी विचारलं.

“मले तुमच्याशी लग्न कराचं हाये. तुमचं काय?”

त्याचे कान पुन्हा लाल झाले. आत बाबांचा आवाज एकदम बंद झाला, म्हणजे तेही ऐकत होते.

“हाव,” तो म्हणाला.

मला खरं वाटेना. मी पुन्हा विचारलं. आणि उत्तर तेच आलं.